निराधार कोणाला म्हणावे?

‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. गावात एवढे लांब नाव कोणी घेत नाही. ‘निराधारचे आले का?’ एवढेच विचारतात. शेजारच्या आजींसाठी बँकेत जाऊन मीही कितीदा हे विचारले होते. त्या शब्दाचे वजन तेव्हा जाणवले नव्हते. तो स्वतःच्या नावापुढे लिहायची वेळ आली तेव्हा जाणवले.

मी गवंडी. तीस वर्षे थापी आणि ओळंबा हीच माझी भाकरी. २०२२ च्या श्रावणात, वयाच्या ४८ व्या वर्षी, पक्षाघाताने उजवे अंग गेले. पाय काठीच्या आधाराने हळूहळू उचलू लागला, हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. गवंड्याचा उजवा हात गेला की त्याला कामावर कोण बोलावणार? साठवलेले सगळे पहिल्या दोन महिन्यांत दवाखान्यात गेले. घरची दीड एकर जमीन जिरायत, पाऊस पडला तर बाजरी. मुलगा अकरावीत. सगळा भार पत्नीच्या खुरप्यावर आला.

कोणीतरी म्हणाले, निराधारचा अर्ज कर. माझे मन घेईना. ज्याच्या गळ्यात वयाच्या पंधराव्या वर्षापासून माळ आहे, ज्याने पंचवीस आषाढ्या पायी केल्या, त्याने आपल्याला कोणाचा आधार नाही असे लिहून द्यायचे? मग रोज संध्याकाळी हरिपाठाला बसून आपण करतो तरी काय? हे मी पत्नीला बोलून दाखवले. भाकरी थापता थापताच ती म्हणाली, “अहो, देव जनाबाईचं दळण दळायला आला, तेव्हा तिनं त्याला माघारी लावला का? मला भक्ती पुरे, जात्याला हात लावू नका, असं म्हणाली का?”

पडून राहण्यापलीकडे मला काही काम नव्हते, त्यामुळे विचाराला वेळ भरपूर होता. मला तेरचे गोरोबाकाका आठवू लागले. त्यांची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो. हात तुटले हे ऐकताना डोळे भरतात, हात परत आले तिथे नामाचा गजर होतो. पण या दोहोंच्या मधला काळ कीर्तनकार बहुधा झटपट ओलांडतात. मी नेमका त्या मधल्या काळात अडकलो होतो. कुंभाराला हात नाहीत, चाक बंद, आवा थंड, आणि घरात खाणारी तोंडे तेवढीच. त्या काळात पांडुरंग विठू कुंभार होऊन आला, रुक्मिणीमाता बरोबर आली, गरुड गाढव झाला, असे कथा सांगते. देवाने आल्या दिवशी हात परत दिले नाहीत. आधी माती मळली, मडकी घडवली, ती विकून घर चालवले. आणि काकांनी ते चालू दिले. दुसऱ्याच्या हातची भाकरी घेतली म्हणून त्यांच्या भक्तीला कमीपणा आला, असे कोणत्याही कीर्तनात मी ऐकलेले नाही.

अर्ज करायचे ठरले. त्याआधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे. डॉक्टर म्हणाले, पक्षाघातात सहा महिन्यांत सुधारणा होऊ शकते, तेव्हा नंतर या. म्हणजे काम नाही, आणि काम होत नाही याचा कागदही नाही. ते सहा महिने दिंडीतल्या माउलींनी ओढून नेले. कोणी ज्वारीचे पोते आणून टाकले, कोणी मुलाची फी भरली. पुढे ऑनलाइन नोंदणी केली आणि तारीख मिळाल्यावर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथला एक अनुभव सांगण्यासारखा आहे. वारकऱ्याला आयुष्यभराची एक सवय असते: पाय कितीही दुखले तरी ‘चला माउली’ म्हणायचे. दिवेघाट चढताना तळव्याला आलेले फोड मी कधी कोणाला दाखवले नाहीत. इथे डॉक्टर म्हणाले, मूठ वळा. मी सगळा जीव एकवटला, बोटे जराशी हलली, आणि मला आनंद झाला! मागचा माणूस कानाशी कुजबुजला, “अहो बाबा, एवढा जोर कशाला लावता? टक्के कमी होतील.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण बहुतेक लाभांना किमान ४० टक्क्यांची अट आहे. तरी मूठ वळत असताना ती न वळण्याचे सोंग मला जमणारे नव्हते. डॉक्टरांनी खांदा, कोपर, चाल सगळे पाहिले आणि ६० टक्के लिहिले. काही आठवड्यांनी ओळखपत्र आले, पिवळ्या रंगाचे. ८० टक्के आणि त्यापुढच्यांना निळे मिळते.

खरी परीक्षा झाली ती उत्पन्नाच्या दाखल्याशी. या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा इतरांना २१ हजार आणि दिव्यांगांना ५० हजार रुपये. आमच्याकडे खुरपणीची मजुरी ३०० रुपये. हिशेब करून पाहा: घरातली बाई वर्षात १६७ दिवस कामाला गेली की ५० हजारांची रेघ ओलांडली. म्हणजे बायकोला सहा महिने काम मिळाले तर नवरा कागदावर निराधार राहत नाही! ज्याने हा आकडा ठरवला त्याने तीन माणसांचा वर्षाचा किराणा कधी भरला नसावा. आमचे गाव दुष्काळी, तिला १२० दिवसांच्या वर काम मिळत नाही. बाजरी धरून ४२ हजार होत होते. अर्ज लिहून देणारा म्हणाला, “एकवीस टाका, सगळे एकवीसच टाकतात.” मी म्हणालो, बेचाळीस लिहा. तो माझ्याकडे बघतच राहिला. पुढे टेबलामागच्या साहेबांनीही कागद दोनदा उलटसुलट केला. खरा आकडा त्यांनाही सवयीचा नसावा.

नंतर पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, आधार बँकेला जोडणे, यात पाच फेऱ्या झाल्या. त्यांचे पुराण सांगत नाही. ज्यांनी केल्या त्यांना ते ठाऊक आहे. २०२३ च्या शेवटी अर्ज मंजूर झाला. महिना १,५०० रुपये, थेट खात्यात. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५०० झाले. एवढ्यात प्रपंच चालत नाही. माझी रक्तदाबाची औषधे आणि किराण्याचा थोडा भाग निघतो. पण औषधासाठी पत्नीला उचल मागायला जावे लागत नाही, ही गोष्ट लहान नाही.

एक बुवा मला म्हणाले, “पांडुरंग पाहून घेईल, सरकारदारी कशाला गेलात?” त्यांचा मुलगा नोकरीला आहे, हे त्यांचे भाग्य. चुलीत जाळ असलेल्या माणसाला हे सांगणे सोपे असते. मी त्यांना एवढेच विचारले की सरकारचे पैसे येतात कुठून? साबणाची वडी घेणारा मजूरसुद्धा कर भरतो. तीस वर्षे मीही भरला. दिंडीत भिशी भरलेले आणि न भरलेले एकाच पंगतीला बसतात. वाढणारा पावती विचारत नाही. मग ही पंगत तेवढी परकी का? बुवांनी विषय बदलला.

या ओळखपत्रावर एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. पायी वारी सुटली, पण महिन्याच्या एकादशीला मी आता पंढरपूरला जाऊन येतो. टाळ दोन हातांत धरता येत नाहीत, म्हणून बाजूला बसून तोंडाने म्हणतो.

दरवर्षी एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिल्या वर्षी रागच आला होता. जिवंत माणूस समोर उभा, तरी जिवंत असल्याचा कागद द्या! आता त्या दिवशी मी गावातल्या आणखी सात-आठ जणांना बरोबर घेऊन जातो. त्यांतल्या तिघांचे अर्ज आम्ही भजनानंतर देवळातच भरले. मुलगा लिहितो, मी कागद सांगतो.

एक अर्ज मात्र अडला आहे. आमच्या दिंडीचे विणेकरी, साठीच्या आतले, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. प्रमाणपत्र आहे, उत्पन्नाचा दाखला आहे, फोटो चिकटवून झाला आहे. ‘निराधार’ हा शब्द वाचून दाखवला की ते वीणा जवळ ओढतात आणि म्हणतात, “हे काय हातात आहे मग माझ्या?” मी त्यांना गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली, पत्नीने जनाबाईची. दोन्ही त्यांनी मन लावून ऐकल्या, वर आणखी एक सेनामहाराजांची आम्हाला ऐकवली. अर्ज टाळांच्या पेटीत आहे. अंगठा तेवढा राहिला आहे.