मळभातले सहा महिने

मुंबईच्या माणसाला पाऊस शिकवू नये असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. सांताक्रूझला एकट्या जुलै महिन्यात सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उत्तर इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहराला तेवढा पाऊस व्हायला जवळजवळ सबंध वर्ष लागते. तरीही पावसाचे शहर म्हणून साऱ्या इंग्लंडात नाव आहे ते मँचेस्टरचे! याचे उत्तर मिलिमीटरमध्ये नाही, दिवसांमध्ये आहे. आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि हिशेब चुकता करून निघून जातो. तिथला पाऊस बाराही महिने, वर्षातले जवळजवळ दीडशे दिवस, थोडा थोडा पडत राहतो. आणि ज्या दिवशी पडत नाही, त्या दिवशीही आभाळाला मळभ असतेच.

माझी लेक मँचेस्टरजवळच्या बोल्टन गावी परिचारिका आहे. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्याकडे गेले आणि मार्च अखेरीस परतले. मी स्वतः मुंबईतल्या एका रुग्णालयात अठ्ठावीस वर्षे आयाबाई म्हणून राबले आहे. त्यामुळे बाळंतीण आणि बाळ मला नवे नव्हते. नवे होते ते तिथले आभाळ. त्या आभाळाखाली कष्टकरी माणसे कशी जगतात, मन कसे सांभाळतात, हे जवळून पाहिले. ज्यांची मुले-मुली आता नर्सिंगसाठी तिकडे जात आहेत, त्या माझ्या भगिनींना ते उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधी थोडे त्या गावाविषयी. अटलांटिक समुद्रावरून येणारे ओले पश्चिमी वारे पेनाईन नावाच्या डोंगररांगेला अडतात आणि अलीकडच्या उतारावर पाणी सांडतात. आपल्या कोकणात सह्याद्री जे करतो तेच, फक्त हळू हातांनी आणि बारा महिने. या दमट हवेचा एक फायदा झाला. कोरड्या हवेत कापसाचा धागा तुटतो, ओल्या हवेत तो टिकतो. म्हणून त्या पट्ट्यात कापडगिरण्या वाढल्या. सूत कातण्याचे ‘म्यूल’ हे यंत्र सॅम्युएल क्रॉम्प्टन यांनी १७७९ साली बोल्टनमध्येच तयार केले. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेवाले होते. यंत्रावर कोरलेले ‘ओल्डहॅम’ हे नाव त्यांच्या तोंडी असायचे. ते ओल्डहॅम लेकीच्या घरापासून फार दूर नाही. तिथल्याही गिरण्या बंद पडल्या, चिमण्या थंड झाल्या. ढग मात्र राहिले.

पावसापेक्षा अंधार जास्त छळतो, हे मला डिसेंबरात कळले. मुंबईत थंडीतला लहानात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. तिथे २१ डिसेंबरच्या सुमारास सकाळी सव्वाआठच्या पुढे सूर्य उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. उगवतो म्हणायचे इतकेच, कारण ढगांमुळे तो दिसत नाही. लहान मुले अंधुकात शाळेत जातात आणि दिवे लागताना परततात. जावई कामावर जाताना अंधार, येताना अंधार.

नात नोव्हेंबरात झाली. डिसेंबर लागला तशी लेकीची बोलती कमी झाली. जेवण पुढे केले तर चार घास खायची. बाळ झोपले तरी ही जागी. एकदा दुपारी तीन वाजता म्हणाली, “आई, दिवस सुरू झालाच नाही गं, आणि संपलापण.” ती स्वतः परिचारिका, दुसऱ्यांना धीर देणारी, आणि तिच्या डोळ्यांत काहीच उरले नव्हते. बाळंतपणानंतर काही बायांचे मन असे खचते, हे मी वॉर्डात पाहिले होते. त्यात या काळोखाची भर पडली होती. थंडीच्या दिवसांत उजेड कमी झाला की काही माणसांना दरवर्षी उदासीनता येते. अमेरिकेतले डॉक्टर नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या आजाराचे वर्णन करून त्याला नाव दिले. म्हणजे हा आळस नव्हे, नाटक नव्हे आणि कोणाची दृष्ट तर नव्हेच नव्हे.

तिथे एक चांगली पद्धत आहे. बाळंतपणानंतर एक आरोग्यसेविका घरी येते. ती बाळाचे वजन करते, तसेच आईच्या मनाचीही चौकशी करते. “झोप लागते का? रडू येते का? बाळाला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते का?” असे सरळ प्रश्न विचारते. हे प्रश्न ऐकून लेक हमसून हमसून रडली. मी नातीला उचलून दुसऱ्या खोलीत गेले, म्हणजे तिला मोकळेपणी बोलता यावे. त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट झाली, पुढे समुपदेशन सुरू झाले. भगिनींनो, आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेक-शेगडी मिळते. “तुझ्या मनाला कसे वाटते?” हा प्रश्न मात्र क्वचितच मिळतो. तो विचारायला पैसे लागत नाहीत.

औषधोपचार डॉक्टरांनी केला. बाकीचा धडा आम्हाला शेजाऱ्यांनी दिला. शेजारी एक ऐंशीच्या घरातल्या आजीबाई एकट्या राहतात. तरुणपणी त्या सूतगिरणीत होत्या. पाऊस असो, वारा असो, रोज दुपारी बाराला त्या टोपीचा कोट चढवून बाहेर पडायच्या. पाऊस थांबायची वाट पाहिली तर माणूस घरातच म्हातारा होईल, असा त्यांचा हिशेब. छत्री त्या भागात फारशी कामाची नाही, वारा ती उलटी करतो. टोपीचा जलरोधक कोट घातला की दोन्ही हात मोकळे राहतात. माझी आजी रत्नागिरीकडे लावणीला इरलं घेऊन उभी राहायची, तेच हे शहाणपण. तान्ह्या बाळांच्या गाडीवरही पारदर्शक प्लास्टिकचे आवरण असते. आम्हीही नातीला त्यात घालून रोज भरदुपारी अर्धा-पाऊण तास फिरायला लागलो. ढगाळ असला तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. पहिले आठ दिवस लेक नाइलाजाने आली. नंतर तीच बूट घालून दारात उभी राहू लागली.

त्या लोकांचे हे चालणे नुसती हौस नाही, त्यामागे लढा आहे. सहा दिवस गिरणीच्या धुरात काढल्यावर रविवारी डोंगरावर जावे, एवढेच कामगारांचे सुख होते. बोल्टनजवळच्या विंटर हिलवर जाणारी वाट जमीनदाराने शिकारीसाठी बंद केली, तेव्हा सप्टेंबर १८९६ मध्ये हजारो माणसे फाटक ओलांडून त्या वाटेने चालत गेली. कोर्टात ते हरले. पुढे २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर असेच मनाई मोडून चढले. त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. आज त्या डोंगरावर कोणीही जाऊ शकतो. वाट आणि पाणी सर्वांचे असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी प्रत्येक आईने लेकीला सांगावी. आपल्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातून तयार होते. इंग्लंडात ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत ऊन इतके कमकुवत असते की ते पुरेसे तयार होत नाही. म्हणून तिथले आरोग्य खाते सर्वांनाच थंडीत रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घ्यायला सांगते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असा सल्ला आहे, कारण आपल्या कातडीला तेवढ्यासाठी जास्त ऊन लागते. अंगावर पिणाऱ्या बाळालाही जन्मापासून थेंब देतात. पूर्वी धुराने आणि ढगांनी झाकलेल्या त्या गिरणगावांत मुडदूस घरोघरी होता, पोरांचे पाय वाकलेले असायचे. आज काही पेनींच्या गोळीने ते टळते. ही गोळी चैन नाही.

बाहेरच्या पावसाइतकीच घरातली ओल सांभाळावी लागते. खिडक्या बंद, कपडे घरात वाळत घातलेले, स्वयंपाकाची वाफ, आणि गॅस महाग म्हणून घर नीट तापत नाही. मग वाफ थंड भिंतीवर बसते आणि काळी बुरशी धरते. लेकीच्या भाड्याच्या घरातही नातीच्या खोलीत कपाटामागे ती निघाली. आम्ही भांड्यांवर झाकण ठेवू लागलो, पंखा लावू लागलो, रोज दहा मिनिटे खिडक्या उघडू लागलो. तरी बुरशी परत आली. घराच्या दलालाचे उत्तर आले, “तुमच्या स्वयंपाकाच्या पद्धतीमुळे होते.” भिंतीतून पाणी झिरपते त्याचा दोष आमच्या आमटीला!

लेकीच्या सोबतच्या परिचारिकेने तेव्हा अवाब इशाकची हकीकत सांगितली. जवळच्याच रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये हे दोन वर्षांचे लेकरू घरातल्या बुरशीमुळे दगावले. त्याच्या बापाने २०१७ पासून तक्रार केली होती, तर त्याला वरून रंग मारा असे सांगण्यात आले. कुटुंब सुदानहून आलेले, म्हणून त्यांच्या राहणीवर बोट ठेवले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत खरे कारण नोंदले गेले. आईबाप गप्प बसले नाहीत. त्यांच्या लेकराच्या नावाने कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची १० कामकाजी दिवसांत पाहणी करावी लागते आणि तातडीचा धोका असेल तर २४ तासांत उपाय करावा लागतो.

ही हकीकत ऐकल्यावर लेक खडबडून उठली. तिने बुरशीचे फोटो काढले, तारखा लिहिल्या, लेखी तक्रार दलालाला दिली आणि तिची प्रत नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला पाठवली. फेब्रुवारीत माणूस आला. छपराची फुटकी पन्हळ सापडली, ती बदलली, भिंत सुकली. माझ्या मते त्या अर्जाने तिच्या मनालाही औषधाइतकाच गुण दिला. हात बांधून बसलेली माझी पोर पुन्हा स्वतःसाठी उभी राहिली.

आणखी एक आधार म्हणजे ग्रंथालय. २०२२ च्या थंडीत विजेचे आणि गॅसचे दर भडकले, तेव्हा तिथल्या अनेक ग्रंथालयांनी गरिबांना ऊब मिळावी म्हणून दारे उघडी ठेवली. ज्याला घर तापवणे परवडत नाही त्याने येऊन बसावे, कोणी का म्हणून विचारत नाही. तान्ह्या मुलांसाठी तिथे बडबडगीतांचा तास असतो. आया वर्तुळ करून बसतात. बंगाली, पोलिश, सोमाली, गुजराती आणि त्यात आमची मराठी. लेकीला तिथे दोन मैत्रिणी मिळाल्या. त्यांतली एक म्हणाली की पहिल्या थंडीत तीही रोज रडायची. ते ऐकल्यावर लेकीच्या मनावरचा अर्धा भार उतरला.

सगळे काही जादूने बरे झाले असे मी म्हणणार नाही. मी निघाले तेव्हा तिचे समुपदेशन चालूच होते. पण ती जेवत होती, हसत होती, नातीशी बोलत होती. पुढच्या थंडीची तयारी तिने सप्टेंबरातच केली. गोळ्या आणल्या, कोट काढून ठेवला, दुपारच्या फिरण्याची वेळ ठरवली आणि मैत्रिणींना आधीच सांगून ठेवले की मी गप्प झाले तर दार ठोठवा.

तुमची लेक किंवा सून परमुलखात असेल, तर फोनवर “जेवलीस का?” याच्यापुढे एक प्रश्न विचारा, “आज उजेडात बाहेर गेली होतीस का?” आणि इथल्या चाळीत, झोपडीत, पावसाळ्यात भिंत ओली झाली, पोर खोकू लागले, तर ते नशीब म्हणून सोसू नका. फोटो काढा, तारीख घाला, अर्ज लिहा, पोच घ्या. आभाळ आपल्या हातात नाही. छप्पर आणि भिंत मात्र कोणाच्या तरी जबाबदारीची असते, आणि ती जबाबदारी मागून घ्यावी लागते.