एकाच ताग्यातली लेकरं

मुलांचं माप घेताना टेपवरचा आकडा तसाच्या तसा कापडावर उतरवायचा नसतो. छाती बावीस इंच भरली, तरी सैलपणाचं वेगळं धरायचं, शिलाईची माया वेगळी, आणि वाढत्या अंगासाठी त्यावर आणखी थोडं. फ्रॉकची खालची पट्टी चांगली तीन बोटं आत दुमडायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून खाली सोडता येते. सासूबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "लेकराचं अंग हाय, आखडून बेतू नको." त्या गेल्या, तरी खडूची रेघ ओढताना माझा हात अजूनही बाहेरच्या बाजूला सरकतो.

नांदेडजवळच्या आमच्या विष्णुपुरीत दिवाळीच्या सुट्टीतली दुपार मला फार प्रिय. पावसाळ्यात बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की सगळ्यांचे कान गोदावरीकडे लागलेले असतात. कार्तिकात तेच पाणी अडून, पसरून, निवांत पडलेलं असतं. विद्यापीठाकडे जाणारा रस्ताही सुट्टीमुळे ओस पडतो. मुलं ओट्यावर काचाकवड्या खेळत असतात आणि मी त्यांचे सहलीचे कपडे शिवायला पायमशीनवर बसते. सहलीला निघण्याआधीचे हे दिवस मला सहलीइतकेच मोलाचे वाटतात. गळा बेतताना जिथं जायचं तिथलं ऊन मनात असतं, आणि बाही लांब ठेवावी की आखूड हे ठरवताना पहाटेच्या गाडीतला गारठा.

आमच्याच नांदेडात या सैल बेतण्याच्या अगदी उलट जातीचं शिवणही चालतं. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिरंगा शिवला जातो. त्याची खादी उदगीरला विणली जाते, रंगवायला अहमदाबादला जाते आणि कापायला, शिवायला पुन्हा नांदेडला येते. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचं मानक झेंड्याचंच आहे. लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2 म्हणजे 3:2. सगळ्यात लहान झेंडा 150 गुणिले 100 मिलिमीटर, सगळ्यात मोठा 6300 गुणिले 4200. अंदाजानं काही सोडायचं नाही, काही धरायचं नाही. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा थोरलीनं विचारलं, "मग तिथं चुकलं तर उसवून मोठं करता येत नाही?" नाही येत. झेंडा वाढत नाही, त्यानं तसंच राहायचं असतं. तिथल्या बायकांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर वाटतो. माझं शिवण मात्र अशा अंगासाठी आहे, जे पुढच्या दिवाळीत या मापाचं राहणार नाही.

माझ्या लहानपणी सुट्टीतली सहल असं काही नव्हतं, यात्रा होती. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, भंडारा, तमाशाच्या राहुट्या आणि डोळ्यांत जाणारी धूळ. यात्रेसाठी आई एकाच ताग्यातलं कापड घ्यायची आणि त्यातून आम्हा सगळ्या भावंडांचे कपडे काढायची. मुलींना झगे, मुलग्यांना सदरे, आणि उरलेल्या तुकड्यांतून तान्ह्याचं झबलं-टोपडं. लोकांना वाटायचं, तागा स्वस्त पडला असेल. स्वस्त पडायचाच. पण आईचा हिशेब वेगळा होता. त्या अफाट गर्दीत तिला एकच रंग शोधायचा असे. पिवळ्यावर तांबडी बुट्टी दिसली की लेकरू आपलं. हरवलेल्या पोराला भोंग्यावरून पुकारायची वेळ आली, तर कपड्याची खूण सांगायला दुसरं भावंड जवळ उभंच असायचं. एवढ्या साध्या युक्तीत केवढी काळजी शिवलेली होती, ते मला स्वतः आई झाल्यावर उमगलं.

म्हणून मीही माझ्या दोन्ही लेकरांसाठी एकाच ताग्यातलं सुती कापड घेते. जाळीचे, टिकल्यांचे तयार फ्रॉक मुलींना गाडीत टोचतात, घाम धरतात आणि त्यांना बहुधा खिसाच नसतो. मुलीच्या कपड्याला खिसा नसणं मला मान्य नाही. बाहेर पडलेल्या लेकराला काहीतरी उचलायचं असतं, आणि उचललेलं ठेवायला जागा लागते.

यंदा भोकर, हिमायतनगर करत आम्ही इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला गेलो. काळ्या कातळावरून पैनगंगा असंख्य धारांनी खाली कोसळते. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्यातला. मोठी माणसं धबधब्याकडे बघत होती. मुलं मात्र वाकून पायाखालचे गोटे निवडत होती. धाकट्याची चड्डी तिथंच ओली झाली आणि खिसा दगडांनी लोंबायला लागला. पुढे किनवटचं सागवान लागलं. मोठाली पानं रस्त्यावर पडलेली होती. त्यातलं एक थोरलीनं घडी करून खिशात घातलं. उनकेश्वरच्या कुंडात हात घातला तर पाणी खरंच कढत, गंधकाचा वास येणारं. तिथून उचलण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून दोघं रुसली.

माहूरगडावर रेणुकेचा प्रसाद म्हणजे कुटलेल्या विड्याचा तांबूल. धाकट्यानं तो तोंडात घालून सदऱ्याला हात पुसले. दत्तशिखराच्या पायऱ्या चढताना थोरली घसरली आणि गुडघ्याशी फ्रॉक फाटला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, दुखल्याचं कमी, कापडाचं जास्त. मी पिशवीतून सुई-दोरा काढला आणि तिथंच, पायरीच्या कडेला बसून, फ्रॉक अंगावर असतानाच धावदोरा घातला. ती श्वास धरून उभी होती. शेजारी टेकलेल्या एका म्हातारीनं तिला काडी दातांत धरायला सांगितली. अंगावर शिवताना तसं करायचं असतं. मग म्हणाली, "पोरी, देवीच्या दारात टाका पडला, लई टिकंल."

घरी आल्यावर तांबूलाचा डाग धुऊन गेला नाही, आणि मीही त्याच्यामागं फार लागले नाही. खिसे उलटे केले तेव्हा जमिनीवर गोटे, सागाच्या पानाचा चुरा, एसटीचं कुणाचं तरी तिकीट, तुटलेलं बटण आणि हळदीकुंकवात भिजलेला दोरा पडला. आम्ही आखलेल्या कार्यक्रमात यातलं काहीच नव्हतं. मुलांची सहल या वस्तूंच्या वाटेनं झाली होती, आणि मला ती आमच्या सहलीहून अधिक भरगच्च वाटली.

आता उन्हाळ्यात कंधारचा भुईकोट बघायचं ठरतंय. त्याचा खंदक, तटबंदी यांची चौकशी घरात रोज होते. थोरली या वेळी स्वतः काजं करणार आहे. जुन्या मांजरपाटावर तिचा सराव चालू आहे आणि टाके दिवसेंदिवस जवळ येताहेत. धाकट्याला चार खिसे हवेत, त्यातला एक झाकणाचा. त्यासाठी जाडसर खाकी कापड वजिराबादेतून आणायचं आहे, आणि बहिणीला त्याच ताग्यातली सलवार.