चाकामागचा दगड

पावसाळा सरला तसं गाडीतली रबरी मॅट वाळत घालायला उचलली आणि ओल्या नमद्याचा, गंजाचा, मुरलेल्या पेट्रोलचा वास एकदम अंगावर आला. ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा बोटाने दाबला, तर बोट आरपार गेलं. खाली आमच्या रिसोडची काळी माती दिसत होती. फेरनोंदणीची तारीख तोंडावर आली होती, म्हणून गाडी तशीच आमच्या मेकॅनिक चाचांच्या गॅरेजवर नेली.

चाचांनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी इंजिनाचं विचारलं, तर खालूनच आवाज आला, “इंजिनले काय धाड भरली? ते चालतेच. मांगचे ब्रेक पाहा आधी.”

मागचे ब्रेक म्हटले की मला दगडच आठवतो.

बाबांनी ही मारुती ८०० एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. नंबर अकोल्याचा, एमएच ३०, कारण वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ला झाला आणि गाडी त्याआधीची. रिसोडला रेल्वे नाही. वाशीमला जायचं तर एसटी नाहीतर काळी-पिवळी. अशा गावात दारात स्वतःची गाडी उभी राहणं म्हणजे काय, ते ज्यांनी फाट्यावर उन्हात वाट पाहिली त्यांनाच कळेल. तिने आजीला मध्यरात्री दवाखान्यात नेलं, हळद विकून आलेले पैसे घरी आणले, आम्हाला शेगावला आणि लोणारला नेलं. रस्त्यात ती कधी बंद पडली नाही. मात्र तिचा हँडब्रेक लागत नव्हता. त्यासाठी पुढच्या सीटमागे एक चपटा काळा दगड असायचा आणि तो लावायचं काम ताईचं होतं.

लोणारला धारेजवळच्या उतारावर बाबा गाडी थांबवत, पाय ब्रेकवर दाबून धरत आणि म्हणत, “उतर माय.” ताई दगड पोटाशी धरून उतरायची, चाकामागे लावायची आणि डिकीवर दोनदा थाप मारायची. मग बाबा पाय उचलत. गाडी इंचभर मागे यायची आणि दगडाला टेकायची. त्या इंचभरात आईने मिटलेले डोळे मला अजून दिसतात.

१४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली तिचे ग्राहक हरपाल सिंग यांच्या हाती दिली, तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बारा इंची चाकं. जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबेपर्यंत देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. मूळ आखणी जपानच्या सुझुकीची. त्या जपानमध्ये नवी खासगी गाडी तीन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते आणि पुढे दर दोन वर्षांनी. ब्रिटनमध्ये १९६०ला तपासणी सुरू झाली ती दहा वर्षांपुढच्या गाड्यांसाठी, आता तिथे बहुतेक भागात तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी करावी लागते. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तेवढ्या काळात तिच्या ब्रेकबद्दल सरकारी माणूस सहसा विचारत नाही. आमचा दगड इतकी वर्षं टिकला, त्याचं एक कारण हेही आहे.

चाचांनी मागचे ड्रम उघडून दाखवले. व्हील सिलिंडर झिरपून ब्रेक ऑइल लायनरवर पसरलेलं, त्यावर काळ्या मातीचा थर, हँडब्रेकची केबल ताणून ढिली झालेली. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पायाच्या ब्रेकने गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात, म्हणून मागची मेली तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. हँडब्रेक मात्र फक्त मागच्या चाकांवर चालतो आणि तो ओढला की खरं बाहेर येतं. जुन्या छोट्या गाड्या पासिंगला अडतात त्या अशाच गोष्टींवर. टायरॉड एंडला प्ले, पिवळे पडून उजेड विस्कटणारे हेडलाइटचे रिफ्लेक्टर, १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली टायरची नक्षी, मुका हॉर्न, मॅटखाली सडलेला पत्रा. पुष्कळांना वाटतं पीयूसी आहे म्हणजे गाडी ठीक आहे. पीयूसी धुराची असते. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल गाडीला तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडपर्यंत मुभा आहे, आणि कार्बोरेटर नीट लावला की ती त्यात बसते. ब्रेकचा त्यात संबंधच नाही.

माझा राग दलालांवर आहे. ‘गाडी आणू नका, फक्त कागद द्या’ म्हणणारा माणूस मला मागच्या फेरनोंदणीलाही भेटला होता आणि यंदाही भेटला. एप्रिल २०२२पासून मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली, ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या गाडीला दहा हजार. एवढे पैसे भरून जर कोणी गाडीखाली डोकावणारच नसेल, तर तो कागद उतारावर कोणाला अडवणार? निरीक्षकाने हँडब्रेक ओढून गाडी ढकलून पाहणं, हीच त्या फीची किंमत आहे.

दगड लावणाऱ्या ताईला आमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर कोणी कधी बसवलं नाही. मला मात्र दहावीच्या सुट्टीत बाजार समितीच्या मोकळ्या आवारात बाबांनी गिअर शिकवले, आणि ती दगड घेऊन मागे बसलेली होती. आमच्या घरातली ही गोष्ट मला गंजापेक्षा जास्त बोचते. गाडी धरून ठेवण्याची जोखीम तिची होती आणि चालवण्याचा मान माझा.

ती आता सेनगावकडे शाळेत शिकवते. चाळिशीनंतर ड्रायव्हिंग शिकली आणि गेल्या वर्षी जुनी गाडी घ्यायला निघाली तेव्हा मला सोबत नेलं. दाखवणारा एसी, टेप, सीट कव्हर सांगत होता. ताईने गाडी चढावर न्यायला लावली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला आणि पाय उचलला. पहिली गाडी सरकली. दुसरीही सरकली. “नाही पाहिजे,” एवढंच म्हणून ती दोन्ही वेळा उतरली. तिसरी गाडी जागची हलली नाही, तीच तिने घेतली. जुन्या गाडीची याहून खरी पारख मी पाहिलेली नाही.

आमच्या गाडीचे लायनर, दोन्ही व्हील सिलिंडर, केबल बदलून झाली, पत्र्याला वेल्डिंग झालं. इंजिनाला हात लावावा लागला नाही.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर कागद कोणाच्या हाती देऊ नका, गाडी स्वतः घेऊन जा. नापास झाली तर कारण लिहून मागा, आणि आधी ते दुरुस्त करा. आणि घरातल्या ज्या मुलीला आजवर फक्त मागे बसवलं, तिला याच महिन्यात लर्निंग लायसन्स काढून द्या.