उपमेत घेतलेला गुण

इंग्रजीतली उपमा म्हटली की कविता आठवते. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यांना मात्र ती विकृतिशास्त्राच्या तासाला भेटते. रक्त तुंबून राहिलेलं यकृत म्हणजे 'नटमेग लिव्हर', लाळ्या-खुरकुतात दगावलेल्या वासराचं पट्टे उमटलेलं हृदय म्हणजे 'टायगर हार्ट'. यात 'लाइक' नाही, 'अ‍ॅज' नाही, मग ही उपमा कसली, असं व्याकरणाचा शिक्षक म्हणेल. म्हणो बापडा. साधर्म्यवाचक शब्द गळला तरी साधर्म्य ओळखावंच लागतं, आणि माझ्या मते मुलं अडतात ती तिथंच. उपमान ओळखीचं असून भागत नाही, त्याचा कोणता गुण घेतलाय हे कळावं लागतं. पुरणात जायफळ घालणाऱ्या घरातल्या मुलालाही ते बाहेरूनच ठाऊक असेल, तर यकृताची उपमा उमगणार नाही. इथं घेतलीय ती कापलेल्या जायफळाची, फिकट भागातली गर्द नक्षी. 'ब्रेड अँड बटर हार्ट' याहून फसवी. गाईनं गिळलेली तार हृदयाच्या आवरणात घुसली की तिथं फायब्रिनचा थर साचतो. लोण्याच्या नावानं काहीतरी गुळगुळीत डोळ्यांपुढं येतं. खरं तर लोणी लावून एकमेकांवर दाबलेले पावाचे दोन काप ओढून सोडवल्यावर दिसणारा खडबडीतपणा अभिप्रेत आहे. दोन 'अ‍ॅज'च्या मध्ये गुण लिहावाच लागतो; 'लाइक' तो वाचणाऱ्यावर सोडून देतो.

शास्त्रात उपमा हवीच कशाला, मोजमाप द्या, असं कुणी म्हणेल. मोजमाप द्यावंच. डाग किती सेंटिमीटरचा हे पट्टी सांगते, पण यकृतभर पसरलेली जाळी आकड्यात मावत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परक्या उपमा पाठ करण्यापेक्षा आपल्या घडवाव्यात. गोठ्यात पशुपालकाशी बोलताना जरूर घडवाव्यात. अहवाल मात्र दूरच्या तज्ज्ञानंही वाचायचा असतो, तिथं सगळ्यांच्या सवयीची उपमाच चालते. बुळकांडी ही गुरांची साथ जगातून हद्दपार झाल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं, तरी तिच्यात आतड्यावर उठणाऱ्या 'झेब्रा' पट्ट्या पुस्तकांत टिकून आहेत. म्हणून विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे: अहवालात जागा, आकार, रंग, घट्टपणा आधी लिहा, 'लाइक' त्यानंतर, आणि उपमानाचा कोणता गुण घेतलात तेही त्याच वाक्यात लिहा.