समुद्रकाठचा आठवडा

सागरतीरी आपले घर असावे, ही हौस कोणाला नसते? घर परवडत नाही, म्हणून वर्षातला एक आठवडाच विकत घेण्याची कल्पना १९६० च्या दशकात युरोपात निघाली आणि पुढे आपल्याकडेही रुजली. गोव्यातील अशाच एका विश्रामधामात आमच्या कुटुंबाचा एक आठवडा आहे.

समुद्र तोच आहे. वास्तू मात्र खचत चालली आहे. खाऱ्या हवेने काँक्रीटमधील सळ्या गंजतात, गंज फुगतो आणि गिलावा फुटतो. किनाऱ्यावरील इमारतीला म्हणूनच सतत डागडुजी लागते. त्यासाठी घेतली जाणारी वार्षिक वर्गणी न चुकता वाढते. सज्जाचा गंजलेला कठडा तसाच राहतो. त्याला टेकू नका, असे मुलांना बजावण्यातच आमची सुटी सरते.

खरी अडचण निराळीच आहे. एका खोलीचे धनी पन्नासच्या घरात. कोणी इंदूरचे, कोणी हैदराबादचे. एक कुटुंब निघते तेव्हा दुसरे येते. गाठ पडत नाही, आणि प्रत्येकाची तक्रार एकटी पडते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. आयोगाच्या अनुमतीने समान हित असलेल्या सर्वांसाठी एकच तक्रारही मांडता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

आपलाही असा आठवडा असेल, तर खोली सोडताना पुढच्या कुटुंबासाठी आपल्या पत्त्याची एक चिठ्ठी अवश्य ठेवा. आम्ही ठेवू लागलो आहोत.