भीती, भीड आणि भाषांतर

भाषांतराचा विचार करताना आपण बहुधा कविता-कादंबरीच्या पलीकडे जात नाही. माझे कुतूहल मात्र एका रूक्ष संहितेभोवती घुटमळत आले आहे. आयझॅक मार्क्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज यांनी १९७९ साली सिद्ध केलेली भयगंडाची प्रश्नावली ही ती संहिता होय. तीत भीतिदायक असे १५ प्रसंग आहेत. प्रत्येक प्रसंग आपण कितपत टाळतो, हे ० ते ८ या अंकांत नोंदवायचे. उपचारांनी फरक पडला की नाही, हे या अंकांवरून जोखले जाते. अशी प्रश्नावली तुर्की भाषेत नेताना काय घडते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही परका वाटू नये.

'कोर्कु' म्हणजे भीती. येथवर वाट सोपी आहे. परंतु अधिकारी व्यक्तीशी बोलण्याचा प्रसंग आला की 'चेकिन्मेक' हे क्रियापद पुढे येते. त्यात बिचकणे आहे, मागे सरणे आहे, शिवाय वडीलधाऱ्यांपुढे राखावयाचा आबही आहे. आपल्या 'भीड' या शब्दाचा हा जवळचा आप्तच म्हणावा. हे क्रियापद योजले, तर केवळ रीत पाळणाराही वरचा अंक लिहून रुग्ण ठरण्याचा संभव. ते वगळले, तर खरोखर कासावीस होणाऱ्याच्या तोंडचा शब्दच आपण काढून घेतो.

घरापासून दूर एकटे जाण्याचा प्रसंग याहून अवघड आहे. तुर्कीत व्याकरणिक लिंग नाही. मराठीत 'टाळतो' की 'टाळते' हे ठरवावेच लागते, आणि 'टाळते' म्हणताच घरच्यांनी अडवलेली बाई निदान डोळ्यांपुढे येते. तुर्की वाक्यात ती सूचनाही नाही. (आपल्या व्याकरणाचे आपल्याला जाचक वाटणारे ओझे असे एखादे वेळी उपकारक ठरते!)

रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० साली उलट-भाषांतराच्या पद्धतीची चिकित्सा केली. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळण्याची ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. तिची उपयुक्तता मला मान्य आहे. तथापि 'चेकिन्मेक' इंग्रजीत परतताना 'टाळणे' होऊन परतू शकते. मग दोन्ही इंग्रजी पाठ तंतोतंत जुळतात, आणि आब वाटेतच गळून गेल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. त्यापेक्षा, अंक लिहिणाऱ्याला तो का लिहिला हे त्याच्याच शब्दांत सांगावयास लावणे मला अधिक भरवशाचे वाटते.