एका प्रश्नाचा हेका

थिअरी हे तरुणांचं काम, असं मी बरीच वर्षं मानत आलो. चाळिशी उलटली की संगणकशास्त्राच्या सैद्धांतिक बाजूच्या प्राध्यापकाने प्रमेयं तरण्या पोरांवर सोडावीत, आपण पाठ्यपुस्तक लिहावं, कमिट्या सांभाळाव्यात. एकाच प्रश्नाला जन्मभर चिकटून राहणं म्हणजे तर निव्वळ हेका. निवड समितीत बसलो की ‘गेल्या पाच वर्षांत पेपर किती?’ हा माझा पहिला प्रश्न असे.

हे मत ढिलं झालं ते लास्लो बाबाई यांच्यामुळे. माणूस मूळचा बुडापेस्टचा, प्राध्यापकी शिकागो विद्यापीठात. त्यांचा प्रश्न मी वर्गात फळ्यावर दोन आकृत्या काढून सांगतो: एक पंचकोन आणि हात न उचलता काढलेली पाच टोकांची चांदणी. टोकांची नावं नीट बदलली की कोण कोणाला जोडलंय ते दोन्हींत तंतोतंत सारखं! पाच टोकांच्या १२० मांडण्या तपासून होतील. वीस टोकं घेतली की आकडा एकोणीस अंकी होतो. मग दोन जाळी मुळात एकच आहेत का, हे झटपट ओळखायचं कसं? १९८३ मध्ये बाबाई आणि यूजीन लक्स यांनी गाठलेली वेगाची मर्यादा तीस वर्षं हलली नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात ती मोडली बाबाईंनीच, वयाच्या पासष्टाव्या वर्षी.

जानेवारी २०१७ मध्ये हाराल्ड हेल्फगॉट यांना त्या सिद्धतेत वेळेच्या हिशेबाची चूक सापडली. (आपल्याकडे एवढ्या ज्येष्ठाला ती तोंडावर सांगायला किती जण धजावले असते, कोण जाणे.) ४ तारखेला बाबाईंनी दावा जाहीरपणे मागे घेतला, ९ तारखेला दुरुस्ती सापडल्याचं कळवलं. हेकेखोर माणूस असा वागत नाही.

व्यवहारात बाबाईंच्या या पद्धतीचा उपयोग जवळपास नाही. ब्रेंडन मॅके यांचा ‘नॉटी’ हा प्रोग्राम नेहमीची जाळी आधीपासूनच चुटकीसरशी तपासतो. म्हणजे माझ्या समितीत बाबाईंचा अर्ज उपयोगावरही अडला असता.

आता मी उमेदवाराला विचारतो, कुठला प्रश्न तुमची पाठ सोडत नाही? पेपर नंतर मोजतो, मोजतो मात्र. आणि नोकरी पक्की नसलेल्या पीएचडीच्या मुलांना असा प्रश्न धरून बसायला अजूनही सांगत नाही. बाबाईंना दरमहा पगार होता.